बदकाच्या पोटात नक्की काय होतं?

"तुमचं मॉडेल नेमकं काय सिद्ध करतं?" पीएचडीच्या मुलाखतीत हा प्रश्न आला की भले भले अडखळतात. आज दोन यांत्रिक खेळणी घेऊन त्याकडे बघू.

पहिलं, जाक द वोकांसाँचं बदक. १७३९ साली पॅरिसमध्ये ते लोकांसमोर आलं. ते दाणे टिपायचं, पंख फडफडवायचं आणि थोड्या वेळाने चक्क शिटायचं! दाणे पोटात विरघळून पचतात, असा वोकांसाँचा दावा होता. यंत्रणा उघडी ठेवलेली, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला. पुढे कळलं की दाणे आतच अडकून राहायचे आणि बाहेर पडायची ती आधीच भरून ठेवलेली 'विष्ठा'.

पण बदकाला सरसकट लबाड म्हणू नका. पंखाची रचना त्याने खऱ्या पंखातल्या हाडांवरून केली होती. म्हणजे पंख हे मॉडेल होतं, पचन हा देखावा. दोन्ही एकाच खेळण्यात असल्यामुळे पंखाच्या खरेपणावर पचनही खपून गेलं.

दुसरा, पिएर जाके-द्रो याचा 'लेखक', १७७४ सालचा. हा छोटा मुलगा पिसाची लेखणी शाईत बुडवतो, झटकतो आणि लिहितो. पाठीत कॅमची चळत असते. एका चाकावरचे खुंटे बदलले की मजकूर बदलतो, मर्यादा ४० अक्षरांची. स्वित्झर्लंडमधल्या नशातेलच्या संग्रहालयात तो आजही चालतो. त्याला विचार येत नाही, पण तसा दावाही नाही. तो जे करतो, त्याचं कारण यंत्रात सापडतं.

मग फरक ओळखायचा कसा? इनपुट बदला. मुलाचे खुंटे बदलले की अक्षरं बदलतात. बदकाला दाण्यांऐवजी रंगीत वाटाणे दिले असते तर? विष्ठा तीच राहिली असती.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. पहिल्या वर्षी माझा आलेख डेटावर अगदी तंतोतंत बसला होता. गाईडनी एवढंच विचारलं, "दुसरा सॅम्पल घेतलास तर?" मी गप्प. कारण स्थिरांक मी त्याच डेटावरून काढला होता. उत्तर आधीच पोटात भरलेलं होतं! तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक दाव्यापुढे स्वतःलाच विचारा: हा पंख आहे की पचन?