टॉनिकच्या बाटलीवरचे दोन फोटो

कृषी सेवा केंद्रात गेलात तर काउंटरवर रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठा दिसेल. त्यातली काही पत्रके आम्ही बारकाईने वाचली. बहुतेकांवर टोमॅटोच्या किंवा मिरचीच्या रोपांचे दोन फोटो असतात. एक रोप खुरटलेले, ‘वापरापूर्वी’चे, दुसरे फळांनी लगडलेले, ‘वापरानंतर’चे. शेतकरी ज्याला टॉनिक म्हणतात, त्या जैव-उत्तेजकाची ही जाहिरात. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्ले असे घटक बाटलीवर लिहिलेले असतात.

ही सगळी भोंदूगिरी आहे असे म्हणून पत्रक बाजूला ठेवणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. ह्युमिक आम्लामुळे बाजूची मुळे वाढतात, शेवाळाच्या अर्कामुळे काही पिके पाण्याचा ताण अधिक सोसतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. २०२२ साली शेतांवरील १८० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उत्पादनवाढ सरासरी १७.९ टक्के आढळली. मग आमची तक्रार कशाबद्दल आहे?

पहिली तक्रार सरासरीबद्दल. त्याच आढाव्यानुसार कोरड्या हवामानात आणि खारवट, वाळूमिश्रित, सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या जमिनीत फायदा जास्त दिसतो. म्हणजे कसदार जमिनीत, वेळेवर पाणी मिळणाऱ्या वांग्याला तेवढाच लाभ होईल असे नाही. शिवाय फायदा न दिसलेले प्रयोग पुष्कळदा छापलेच जात नाहीत. त्यामुळे छापील सरासरी खऱ्यापेक्षा मोठी दिसण्याचा संभव असतो. पत्रकात मात्र एकच आकडा, आणि तो सर्व पिकांना, सर्व जमिनींना लागू!

दुसरी तक्रार ‘खतांची बचत’ या दाव्याबद्दल. इथे साधे गणित करू या. लिटरला २ मिलिलिटर या प्रमाणात एकरी २०० लिटर पाणी फवारले, तर औषध लागले ४०० मिलिलिटर. त्यात १० टक्के नत्र आहे असे धरले, तरी पिकाला मिळाले सुमारे ४० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २० किलो नत्र असते, म्हणजे पाचशे पट. बाटली गोणीची जागा घेऊ शकत नाही हे सातवीतला मुलगाही सांगेल. जैव-उत्तेजक अन्न पुरवत नाही. असलेले अन्न घेण्याची वनस्पतीची क्रिया ते वाढवते, असा त्याचा खरा दावा आहे. जमिनीत अन्नच नसेल तर वाढलेली मुळे काय शोधणार?

कायद्यानेही हाच भेद केला आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात फेब्रुवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन जैव-उत्तेजकांचा समावेश झाला. त्यांची व्याख्या पोषकद्रव्यांवरून नव्हे, तर कार्यावरून केलेली आहे. कीडनाशके आणि वाढ-संजीवके तीतून वगळली आहेत. त्याआधी काय स्थिती होती? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी सांगितले, की सुमारे ३०,००० उत्पादने कित्येक वर्षे तपासणीविना विकली जात होती आणि कडक तपासणीनंतर ती सुमारे ६५० वर आली. या दोन आकड्यांमधल्या बाटल्यांचे पैसे शेतकऱ्यांच्याच खिशातून गेले होते.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची, आणि ती थोडी आपल्या शिक्षकांबद्दलही आहे. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण मुलांना तोंडपाठ असते, पण “कशाच्या तुलनेत?” हा प्रश्न विचारायला आपण शिकवतो का? फोटोतली दोन रोपे एकाच दिवशी लावली होती का? दुसऱ्या रोपावर निदान साधे पाणी तरी फवारले होते का? अशी किती रोपे होती, आणि हीच दोन कोणी निवडली?

वर्गात हे करून पाहता येईल. एकाच मातीने भरलेल्या वीस कुंड्या घ्या. प्रत्येकीत मेथीच्या दहा बिया पेरा आणि उगवल्यावर पाचच रोपे ठेवा. चिठ्ठ्या टाकून कुंड्यांचे दोन गट करा. एका गटावर शिक्षकांनी मोजून तयार केलेले जैव-उत्तेजकाचे द्रावण, दुसऱ्यावर तेवढेच साधे पाणी फवारा. बाटल्यांवर फक्त ‘क’ आणि ‘ख’ लिहा. कोणत्या बाटलीत काय आहे हे वजन करणाऱ्या मुलांना कळू देऊ नका. चार आठवड्यांनी रोपे कापून प्रत्येक कुंडीचे वजन लिहा. सरासरी तर काढाच, पण प्रत्येक गटातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वजनही फळ्यावर मांडा.

दोन गटांत फरक पडेल किंवा पडणार नाही. जे येईल ते प्रामाणिकपणे नोंदवा. मात्र साधे पाणी मिळालेल्या दहा कुंड्यांमध्येही वजने सारखी येणार नाहीत. त्यांतली सर्वांत खुरटी आणि सर्वांत तरारलेली कुंडी शेजारी ठेवून फोटो काढा आणि तो पत्रकातल्या फोटोंशेजारी वर्गात लावा. खाली काय लिहायचे ते मुलांनाच ठरवू द्या.