युरिपिडीसच्या ‘हेक्यूबा’मधील सूड आणि न्याय

प्राचीन ग्रीक शोकात्मिकेतील सूडभावनेचा विषय निघाला की एस्किलसची ‘ओरेस्टिया’ किंवा युरिपिडीसची ‘मीडिया’ चटकन आठवते. युरिपिडीसचीच ‘हेक्यूबा’ (इ. स. पू. ४२४ च्या सुमारास) त्यामानाने मागे पडते. ‘हॅम्लेट’च्या वाचकांना हेक्यूबा आक्रोश करणारी राणी म्हणून परिचित आहे, आक्रोश संपल्यावर तिच्यात काय उरते, हा युरिपिडीसच्या नाटकाचा विषय आहे.

इ. स. पू. ४५८ मध्ये सादर झालेल्या ‘ओरेस्टिया’त पिढ्यान्‌पिढ्या चाललेले सूडचक्र अखेरीस न्यायासनासमोर येऊन थांबते. आईचा वध करणाऱ्या ओरेस्टिसचा न्याय अथेन्समधील अॅरिओपॅगसवर होतो. मते समसमान पडल्याने तो मुक्त होतो आणि सूडदेवतांची समजूत अथीना घालते. न्यायसंस्था सूडाची जागा घेऊ शकते, हा विश्वास तेथे आहे. सुमारे तीन दशकांनंतर, पेलोपोनेशियन युद्ध चालू असताना लिहिणाऱ्या युरिपिडीसजवळ तो उरलेला दिसत नाही.

ट्रॉयच्या पाडावानंतर हेक्यूबा दासी झाली आहे. अकिलिसच्या थडग्यावर बळी दिली गेलेली तिची कन्या पॉलिक्झेना धीराने मरण पत्करते. ते ऐकून हेक्यूबा म्हणते की, जमिनीचे पीक हवामानानुसार बरेवाईट येते, परंतु थोर मनुष्याचा स्वभाव संकटातही पालटत नाही. या उद्गाराला नाटककार लगेचच कसोटीला लावतो. सोन्यासह थ्रेसचा राजा पॉलिमेस्टर याच्या आश्रयास ठेवलेला तिचा धाकटा मुलगा पॉलिडोरस याचे प्रेत किनाऱ्याला लागते. सोन्याच्या लोभाने यजमानानेच पाहुण्याचा घात केला आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये: हेक्यूबा प्रथम न्यायच मागते. देवांहूनही श्रेष्ठ अशा धर्मनियमाचा हवाला ती अॅगमेम्नॉनला देते. त्याला तिचे म्हणणे पटते, पण सैन्य काय म्हणेल या भीतीने तो कचरतो. आपली कन्या कॅसँड्रा त्याच्या शय्येवर आहे, याचीही ती आठवण करून देते. तिच्या अधःपाताची सुरुवात पुढच्या रक्तपातात नसून या युक्तिवादात आहे, असे म्हणावे लागते. त्यानंतर पॉलिमेस्टरला तंबूत बोलावून, ट्रोजन स्त्रियांच्या साहाय्याने ती त्याच्या दोन निरपराध मुलांना ठार करते आणि त्याचे डोळे फोडते. ज्याच्यासाठी सूड घ्यावयाचा, तो मुलगा आता तिच्या बोलण्यात पुरावा म्हणूनच उरतो.

मार्था नसबॉम यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात या परिवर्तनाचे कारण विश्वासाच्या विध्वंसात शोधले आहे. हे विवेचन मोलाचे आहे. तथापि नाटकातील न्यायनिवाड्याच्या प्रसंगाला त्याहून अधिक महत्त्व द्यावयास हवे. ‘ओरेस्टिया’त न्यायासन सूड थांबविण्यासाठी बसते; येथे ते सूड उरकल्यानंतर बसते आणि त्यावर मान्यतेची मोहोर उठविते. दोन्ही पक्षांचे म्हणणे रीतसर ऐकले जाते, निर्णय हेक्यूबाच्या बाजूने लागतो. निर्णय देणारा अॅगमेम्नॉन मात्र स्वतःच्या मुलीचा बळी दिलेला पिता आहे.

आंधळा पॉलिमेस्टर भविष्य सांगतो: हेक्यूबा अग्निनेत्री कुत्री होईल, अॅगमेम्नॉन आणि कॅसँड्रा यांचा वध क्लायटेम्नेस्ट्रा करील. अॅगमेम्नॉन त्याचे तोंड बंद करावयास लावतो, त्याला निर्जन बेटावर टाकण्याची आज्ञा देतो आणि वारा अनुकूल झाल्याचे पाहून घराकडे निघतो.