डेलियाचा वाफा आणि सल्ल्यांचे पीक

थंडीची चाहूल लागली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, रोपवाटिकांच्या माहितीपत्रकांत आणि बागकामाच्या छोट्या पुस्तकांत डेलिया हजर होतो. आता त्यात मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांची आणि चित्रफितींची भर पडली आहे. माध्यम बदलले तरी लेखनाचा साचा तोच आहे. अमुक करावे, तमुक टाळावे, कीड दिसताच औषध फवारावे, एवढ्यात सगळे आटोपते. शाळेच्या बागेत डेलिया लावायचा झाला तर आपण शिक्षक बहुधा याच लेखनाकडे वळतो. म्हणून विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने त्याचे परीक्षण करावे असे आम्हाला वाटले.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. यातले पुष्कळसे सल्ले उपयोगी असतात. ते माळ्यांच्या अनुभवातून आलेले असतात आणि त्यांच्या आधाराने फुले येतातही. आमची तक्रार वेगळी आहे. या लेखनात कृती असते, कारण नसते. कारण ठाऊक नसले की सल्ला कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे ठरवताच येत नाही. मग वाचक फक्त आज्ञा पाळतो आणि तेच मुलांना शिकवतो.

परक्या हवेतले वेळापत्रक

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. 1789 मध्ये त्याचे बी मेक्सिकोहून माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानात पोचले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिय्येस यांनी 1791 मध्ये आंद्रेस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ या प्रजातीला नाव दिले. पुढे युरोपातल्या बागांत त्याचे असंख्य वाण तयार झाले आणि त्याच्या लागवडीची पुस्तकेही तिकडेच लिहिली गेली.

त्या पुस्तकांत सांगितलेले असते की वसंतात लागवड करावी आणि पहिल्या हिमतुषाराने पाने काळी पडली की मुळे उकरून घरात ठेवावीत. आपल्याकडच्या काही लेखनात हा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. पुण्याच्या किंवा नाशिकच्या वाचकाने हिमतुषाराची वाट कोठे पाहायची?

कारण सांगितले असते तर ही गफलत झाली नसती. मेक्सिकोच्या उंच डोंगराळ भागात उन्हाळ्यात पाऊस असतो आणि हिवाळा कोरडा जातो. पावसाळ्यात वाढायचे, फुलायचे आणि कोरड्या दिवसांत जमिनीखालच्या मांसल मुळांच्या साठ्यावर तग धरायचा, हा डेलियाचा क्रम. म्हणजे त्याला पावसाचे वावडे नाही, पण पावसाबरोबर थंडावाही हवा. आपल्या पठारावर तो थंडावा हिवाळ्यात मिळतो. म्हणून आपण ऑक्टोबरच्या सुमारास रोपे लावतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फुले घेतो. साहजिकच आपल्या झाडाची विश्रांती उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात येते, आणि झोपलेली मुळे ओल्या मातीत कुजतात. युरोपात मुळांचा शत्रू हिम असतो, आपल्याकडे ती जागा पावसाळी ओल घेते. मुळे कोरड्या वाळूत, सावलीत ठेवायची ती यासाठी. एवढे कळले की तारखा पाठ करण्याची गरज उरत नाही.

‘कंद’ या शब्दाचा घोटाळा

बहुतेक लेखांत डेलियाचे ‘कंद’ लावा असे म्हटलेले असते. बटाटाही कंद, रताळेही कंद आणि डेलियाही कंद. बोलीभाषेला हे चालते, लागवडीला चालत नाही. बटाटा हे खोड आहे, त्याच्या अंगावर डोळे असतात, म्हणून डोळा असलेला तुकडा उगवतो. रताळे हे मूळ आहे, पण त्यावर नवे कोंब फुटू शकतात. डेलियाचे मांसल मूळ मात्र एकटे तोडून लावले तर उगवत नाही. त्याचे डोळे मुळावर नसून मुळांचा झुबका खोडाला जेथे चिकटतो त्या जागी असतात. तो खोडाचा तुकडा बरोबर घेतला नाही तर मूळ जमिनीत महिनोन्‌महिने टणक राहील, पण कोंब येणार नाही.

इथे आमचा रोख पाठ्यपुस्तकांकडेही आहे. मुळांच्या रूपांतराच्या प्रकरणात डेलियाचे चित्र हमखास आढळते. विद्यार्थी ते काढतो, नावे देतो, गुण मिळवतो. पण बटाटा, रताळे आणि डेलिया तीन कुंड्यांत लावून पाहा, असे त्याला क्वचितच सांगितले जाते. आकृतीने जे नाव दिले त्याचा अर्थ या तीन कुंड्या देतील.

आणखी एक सोपा प्रयोग आहे. बटाट्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो. डेलियाच्या मुळावर तो येत नाही, कारण तेथे साठा पिष्टाचा नसून इन्युलिनचा असतो. इन्युलिन फळशर्करेच्या साखळ्यांनी बनलेले असते. मुळाचा तुकडा काही दिवस मद्यार्कात ठेवून त्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर इन्युलिनचे गोलसर, पंख्यासारखे स्फटिक दिसतात. ‘झाडे अन्न पिष्टाच्या रूपात साठवतात’ हे वाक्य किती सैल आहे, हे एका थेंबाने कळते.

पाणी आणि कुंडी

‘भर उन्हात पानांवर पाणी पडू देऊ नये, थेंब भिंगासारखे काम करून पाने जाळतात.’ हा सल्ला इतक्यांदा छापला गेला आहे की त्याबद्दल शंका घेणे उद्धटपणाचे वाटावे. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये तो तपासला. गुळगुळीत पानांवरच्या थेंबांमुळे करपल्याच्या खुणा आढळल्या नाहीत, कारण थेंब पानाला चिकटलेला असतो आणि किरण एकवटण्याची जागा पानाच्या बरीच खाली पडते. दाट लव असलेल्या काही पानांवर थेंब उचलून धरला जातो, तेथे मात्र करपणे शक्य असते. डेलियाच्या पानांना अशी दाट लव नसते. त्यांच्या कडा करपल्या तर पाण्याची कमतरता, क्षार किंवा तापलेला वारा यांकडे आधी पाहावे. सकाळी पाणी घालणे चांगलेच, पण ते बाष्पीभवन कमी होते आणि पाने रात्री ओली राहत नाहीत म्हणून.

‘पाने मलूल झाली की पाणी घाला’ हा सल्ला तर धोक्याचा आहे. दुपारी पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्याच्या वेगाहून जास्त झाला की ओल्या मातीतले झाडही माना टाकते आणि संध्याकाळी सावरते. मुळे कुजलेली असतील तरीही पाने मलूलच होतात. अशा झाडाला आणखी पाणी म्हणजे मरणाला आमंत्रण. लक्षण एक, कारणे तीन. बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहणे, हे सगळ्यांत स्वस्त उपकरण आहे.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खड्यांचा जाड थर द्यावा, असेही सर्रास सांगितले जाते. एक आयताकृती स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तो उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. पाणी वाहून जाणे हे स्पंजाच्या उंचीवर अवलंबून असते. कुंडीतल्या मातीचेही तसेच आहे. तिच्या तळाशी एक ओला पट्टा राहतोच, आणि खडे भरून आपण मातीची उंची कमी केली की तो पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरे. निचरा हवा असेल तर सगळी मातीच भुसभुशीत करावी.

औषध की विष?

या लेखनातला सर्वांत मोठा दोष एका शब्दात आहे. तो शब्द ‘औषध’.

डेलियावर मावा येतो, भुरी येते, लाल कोळी येतात, विषाणूमुळे पाने चितकबरी होतात. चौघांची कारणे वेगळी, पण सल्ला एकच: औषध फवारा. आता हे तपासू. चितकबऱ्या पानांच्या मोझॅक रोगावर कोणतीही फवारणी चालत नाही. तो मावा पसरवतो आणि आपणही पसरवतो, कारण रोगट झाडाचे कलम म्हणजे रोगाचेही कलम. झाड उपटणे हाच मार्ग. लाल कोळी हे कीटकच नव्हेत. काही कीटकनाशकांनी त्यांचे भक्षक मरतात आणि कोळी उलट वाढतात. भुरीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थेंबही लागत नाही. कोरडे दिवस आणि गार रात्री तिला मानवतात, म्हणून पाने कोरडी ठेवून ती टळत नाही. मावा पाण्याच्या फवाऱ्याने झडतो, आणि ढालकिडे, म्हणजेच लेडीबर्ड भुंगेरे, तो फस्त करतात. पण ढालकिड्याची अळी काळपट, लांबट आणि त्याच्यापेक्षा अगदी वेगळी दिसते. तिचे चित्र कोणी छापत नाही. मुले तिलाच कीड समजून चिरडतात.

फवारणीच्या डब्यात असते ते विष. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विषाला औषध म्हणण्याची सवय हे त्याचे एकमेव कारण नव्हे. पण ही सवय लावायला शाळेच्या बागेने तरी हातभार लावू नये. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या त्रिकोणांचा अर्थ विषारीपणाच्या उतरत्या क्रमाने सांगणे हा एका तासाचा उत्तम पाठ होईल. आणि मुलांच्या हाती फवारा देऊ नये, हे प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापले जावे.

सल्ला कसा असावा?

‘रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा’ हे वाक्य घेऊ. त्यात भर घालून असे लिहिता येईल: ‘शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन बगलेतल्या कळ्यांना रोखून धरते. शेंडा खुडला की त्या फुटतात, झाड पसरते आणि फुले जास्त येतात. मोठे एकच फूल हवे असेल तर बाजूच्या कळ्या काढाव्यात. काही रोपे न खुडता ठेवून फरक पाहावा.’ चार ओळींत कृती, कारण, मर्यादा आणि पडताळा आला. जागा फारशी लागली नाही.

पडताळ्यासाठी डेलिया मोठा सोयीचा आहे. बागेतल्या डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे बियांपासून आलेली भावंडे एकमेकांसारखी क्वचितच निघतात. पण एकाच निरोगी झाडाच्या छाटकलमांपासून केलेली दहा रोपे आनुवंशिक दृष्ट्या सारखी असतात. पाचांना सल्ला पाळावा, पाचांना पाळू नये, बाकी सगळे सारखे ठेवावे आणि दर आठवड्याला मोजमाप वहीत लिहावे. छापील सल्ला खरा ठरला तर तो मुलांचा झाला. खोटा ठरला तर छापलेल्यालाही प्रश्न विचारता येतो, हे त्यांना कळले. त्या हंगामात फुले थोडी लहान आली तरी आमची तक्रार नसेल.