साडेचारशे वर्षे कोणाची?

गोव्याच्या इतिहासावरचा नवा ग्रंथ हाती आला की मी प्रस्तावना सोडून आधी शेवटची नामसूची उघडतो आणि तीत दोन नावे शोधतो : पेडणे आणि डिचोली. खोड वाईट खरी. पण तेरेखोलच्या अलीकडे राहणाऱ्या वाचकाला ती जडावी यात नवल नाही. आमचे सोयरेधायरे तिकडचे, कित्येकांची कुलदैवते तिकडची. पोर्तुगीज साम्राज्य म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे मांडवीकाठची चर्चेस येत नाहीत. नदीपलीकडचे पेडणे येते. आणि नेमक्या याच मुलखाच्या वाट्याला बड्या ग्रंथांत दोन-चार परिच्छेद येतात.

याचे कारण म्हणून एका आकड्याकडे बोट दाखवावेसे वाटते. ‘साडेचारशे वर्षांची राजवट’ हे शब्द गोव्याच्या संदर्भात इतके रुळले आहेत की ते उच्चारताना कोणी थांबत नाही. आता साधी वजाबाकी करून पाहू. तिसवाडी १५१० साली आल्बुकेर्कने घेतली. १९६१ पर्यंत ४५१ वर्षे. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये गेले, ४१८ वर्षे. डिचोली १७८१ मध्ये कायमची पोर्तुगीजांकडे आली, १८० वर्षे. पेडणे १७८८ मध्ये; १७३ वर्षे. पुण्यावर १८१७ साली इंग्रजांचे निशाण चढले. म्हणजे परकीय सत्तेच्या आरंभापुरते बोलायचे तर पेडणे पुण्याच्या पुढे आहे ते अवघ्या एकोणतीस वर्षांनी, आणि जुन्या गोव्याच्या मागे आहे पावणेतीनशे वर्षांनी. असा मुलूख इतिहासाच्या दृष्टीने कोणाच्या पंक्तीला बसवायचा?

गंमत अशी की हा आकडा दोन्ही पक्षांना सोयीचा होता. सालाझारच्या लिस्बनला तो हवा होता, कारण एवढ्या दीर्घ सहवासाने गोवा पोर्तुगालचाच झाला असे त्यातून सुचवता येई. आमच्या राष्ट्रवाद्यांनाही तो हवा होता, कारण गुलामगिरी जितकी लांब तितका मुक्तीचा सोहळा मोठा. भांडणाऱ्या दोघांनी एकच माप वापरावे आणि त्या मापात पेडणे-डिचोलीचा माणूस दोघांनीही कोंबावा, असा हा प्रकार आहे.

दुसरा शब्द ‘नव्या काबिजादी’. जुन्या तीन महालांच्या जुन्या काबिजादी आणि अठराव्या शतकात जोडलेल्या महालांच्या नव्या, ही विभागणी पोर्तुगीज दप्तराची. अभ्यासकांनी ती तशीच उचलली. पण ‘नव्या’ कोणाच्या लेखी? नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ डिचोलीत आहे. मूळ देव दिवाडी बेटावरचा, कदंबांचा. बेटावरचे देऊळ पाडले गेले तेव्हा देव नदी ओलांडून इकडे आला आणि १६६८ साली शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने तिथे देवळाचे काम झाले. त्याचा शिलालेख अजून दारावर आहे. तिसवाडीच्या देवाला आसरा देणारी भूमी ती ‘नवी’ आणि जिथून देव पळाला ती ‘जुनी’!

‘काबिजाद’ हा शब्दही तपासून घ्यावा असा आहे. डिचोलीपुरता तो बराचसा खरा. आलोर्नचा किल्ला १७४६ साली लढून घेतला गेला आणि त्या विजयावरून व्हाइसरॉयला ‘मार्केस द आलोर्न’ ही पदवी मिळाली. पेडण्यातल्या एका गढीचे नाव लिस्बनच्या उमरावशाहीत जाऊन बसले. पण पेडणे महाल अखेर गेला तो तलवारीने नव्हे. करवीरकरांचा दाब असह्य झाला तेव्हा सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांची मदत मागितली आणि त्या मदतीचे मोल म्हणून १७८८ साली पेडणे तोडून दिले. फोंड्याची कथा साधारण अशाच वळणाची. हैदरअलीच्या धास्तीने सौंध्याच्या राजाने पोर्तुगीजांचा आश्रय धरला आणि फोंडा त्यांच्या हाती गेला. म्हणजे ज्याला विजय म्हटले जाते त्यातला मोठा भाग आमच्याच घरच्या भांडणाचा हिशेब होता. हे लिहिताना सीमेअलीकडच्या माणसाची मान थोडी खाली जाते; पण म्हणून ते गाळायचे कशाला?

या सगळ्याचा मागोवा मराठीत कोणी घेतला असेल तर तो पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकरांनी. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचा हा माणूस, म्हणजे नव्या काबिजादीतलाच. पणजीच्या पुराभिलेखागाराची धुरा त्यांनी कित्येक वर्षे वाहिली, राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड पोर्तुगीजात छापून काढले, आणि १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची भाषा रूक्ष आहे, कागदामागून कागद येतात आणि वाचणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. तरीही या विषयावरचे एकच पुस्तक ठेवून बाकीची परत द्या असे कोणी म्हणाले, तर मी हेच ठेवीन. कारण मराठी कागद आणि पोर्तुगीज कागद त्यांनी समोरासमोर बसवले. पोर्तुगीज मुत्सद्देगिरीच्या हस्तकांवर १९५२ साली निघालेला त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ तर मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. व्हाइसरॉय येत आणि जात. दुभाषे, वकील आणि कारकून राहत. साम्राज्याची बोलणी एतद्देशीयांच्या जिभेने आणि लेखणीने होत होती, हे त्यात कागदोपत्री सिद्ध झाले आहे.

पण पिसुर्लेकरांची मर्यादाही त्यांच्या दप्तराचीच मर्यादा आहे. त्यात तह आहेत, खलिते आहेत. ज्याच्या शेतावरून फौजा गेल्या तो कुळवाडी नाही. शिवाय सावंतवाडीकर भोसले पोर्तुगीज कागदांत त्रासदायक शेजारी म्हणून येतात आणि पुण्याच्या कागदांत बेभरवशाचे म्हणून. दोन्ही साक्षीदार फिर्यादी पक्षाचेच. लहान संस्थान दोन मोठ्यांच्या मध्ये जगते कसे, या दृष्टीने भोसल्यांकडे पाहिले असते तर त्यांचे बरेच तथाकथित फितूरपण वेगळे दिसले असते.

प्रियोळकरांचा ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा इंग्रजी ग्रंथ १९६१ सालचा, म्हणजे मुक्तीच्याच वर्षाचा. त्याच्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे. तक्रार आहे ती त्याच्या वाचकांबद्दल. इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि १८१२ मध्ये कायमचे मोडले. पेडणे त्या राज्यात आले तेव्हा त्याचे शेवटचे दिवस चालू होते आणि नव्या महालांतल्या रयतेला तिचा धर्म आणि रीतिरिवाज सांभाळण्याची हमी दिली गेली होती. तेव्हा प्रियोळकर वाचून ‘गोव्यात असे झाले’ म्हणताना ‘कोणत्या गोव्यात’ हे विचारले पाहिजे. ही हमी उदारपणाची होती असे मात्र नव्हे. साम्राज्य म्हातारे झाले होते, आणि मुलूख शांत ठेवायला तेवढे पुरेसे होते.

परदेशी अभ्यासकांविषयी थोडक्यात. चार्ल्स बॉक्सर यांनी पोर्तुगीज साम्राज्यातल्या वंशभेदावरचे पुस्तक १९६३ मध्ये काढून ‘आम्ही वर्णभेद मानत नाही’ ही सालाझारशाहीची बढाई कागदपत्रांनीच उतरवली. ते उपकार मोठे. पिअर्सन यांचा ‘द पोर्तुगीज इन इंडिया’ (१९८७) सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा भारतावरचा परिणाम मर्यादितच होता असे सांगतो. पेडणेकराने यावर एवढेच म्हणावे की आमच्यापुरता तो शून्य होता. आंजेला बार्रेतु शाव्हिएर यांचे २००८ सालचे पोर्तुगीज पुस्तक धर्मांतर आणि सत्ता यांच्या गुंत्याचा फार बारकाईने माग काढते. पण त्याचे नाव आहे ‘गोव्याची निर्मिती’, आणि आतला गोवा सोळाव्या-सतराव्या शतकांतला, जुन्या महालांचा. तेओतोनियु द सोझा यांच्या ‘मेडिव्हल गोवा’चीही (१९७९) तीच गोष्ट. मात्र त्यांनी राजधानीच्या वैभवाचा खर्च खेड्यांतल्या गावकऱ्यांकडून कसा वसूल झाला हे दाखवले, आणि ती दृष्टी पुढच्यांनी आमच्या बाजूला वळवायला हवी होती.

वळवता येण्याजोगे प्रसंग कमी नाहीत. १८९५ साली मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला आणि ते बिघडले. दादा राणे व त्यांचे लोक त्यांना मिळाले. कोणी याला स्वातंत्र्यलढ्याची नांदी म्हणतात, कोणी सरंजामदारांची पुंडाई. दोन्ही कप्पे आधीपासून तयार आहेत. मला त्यात दिसते ते असे, की आफ्रिकेतला मुलूख लिस्बनसाठी राखायला इथला शिपाई लागत होता. राण्यांच्या मुलखातल्या माणसाचा जागतिक साम्राज्याशी संबंध कुठे येतो, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते?

अलीकडच्या ग्रंथांत पराग परब यांचा दयानंद बांदोडकरांवरचा इंग्रजी ग्रंथ (२०१५) मला सर्वांत जवळचा वाटला. बांदोडकर पेडण्याचे. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत त्यांचा पक्ष सत्तेवर आला तेव्हा पणजी-मडगावच्या सुशिक्षितांना बसलेला धक्का आपण अनेकांच्या आठवणींतून वाचला आहे. परब त्या धक्क्यामागची जात, जमीन आणि शाळा उलगडतात. १९६७ च्या जनमत कौलात गोवा विलीनीकरणाच्या विरोधात गेला, पण पेडणे आणि डिचोली महाराष्ट्राच्या बाजूने उभे राहिले. ते केवळ भाषाप्रेम होते असे मानणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावे. शीर्षकातला ‘भारतातली पहिली लोकशाही क्रांती’ हा दावा मात्र मला जड जातो. केरळचे १९५७ साल विसरता येत नाही.

आणि हा वाद निव्वळ विद्वानांचा नाही. डिचोलीतले मये गाव घ्या. पोर्तुगीज अमदानीत एका उमराव घराण्याच्या नावे असलेली तिथली जमीन १९६१ नंतर मालक परदेशी म्हणून निर्वासितांच्या मालमत्तेत धरली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदणाऱ्या लोकांना स्वतःच्या घराखालच्या मातीचा कागद मिळेना. २०१४ मध्ये विधानसभेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. अशा गावाला आल्बुकेर्कचे चरित्र काय कामाचे? त्याला हवा आहे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या देणग्यांचा, इनामांचा, खंडाचा इतिहास. आणि तो मोडी मराठी व पोर्तुगीज या दोन्ही दप्तरांतून एकाच माणसाने वाचला पाहिजे. पिसुर्लेकरांची ती जोड पुढे विस्कटली. मोडी वाचणारा पोर्तुगीज शिकत नाही आणि लिस्बनला जाऊन येणाऱ्याला मोडी लागत नाही.

अशा अभ्यासकाने आरंभ करावा तो तेरेखोलपासून. गड नदीच्या उत्तर तीरावर, सभोवार आपला सिंधुदुर्ग, आणि हक्क मात्र पेडण्याचा. गोवेकराला तिथे पोचायला केरीहून तर धरावी लागते. १७४६ साली एका व्हाइसरॉयने सावंतांकडून तो घेतला म्हणून तेवढा एक गाव आजही नदीअलीकडे राहूनही गोव्याच्या नकाशात आहे. तिथल्या माणसांनी रेडीशी सोयरिकी केल्या, बाजार अलीकडे केला, दस्त पलीकडे नोंदवले. तो दस्त कोणत्या लिपीत आहे आणि त्यावर अंगठा कोणाचा आहे, एवढे जरी कोणी शोधून काढले तरी मी त्या ग्रंथाची नामसूची न उघडता तो पहिल्या पानापासून वाचीन.