यंत्रशाळा आणि हिशेबवही

अभियांत्रिकीच्या पदवी-अभ्यासक्रमात व्यवस्थापनाची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली, म्हणजे यंत्रदृष्टी व व्यापारदृष्टी यांचा संयोग साधला, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः हा संयोग नव्हे, केवळ शेजार होय. मुंबईत १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली ‘नीटी’ २०२३ साली आयआयएम मुंबई झाली आणि नावातून अभियांत्रिकी गेली. उलट रत्नागिरीत १९९६ साली निघालेल्या फिनोलेक्स महाविद्यालयाच्या पूर्ण नावात व्यवस्थापन व तंत्रज्ञान हे दोन्ही शब्द नांदत आहेत. (नावावरून अध्यापन ठरत नाही, हे उघडच आहे.) ही दोन शास्त्रे नेमकी कोठे भेटतात, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर गणपतीपुळे-मालगुंड परिसरातील हापूसवर चालणाऱ्या एखाद्या रस-कारखान्याचा विचार केला असता सापडते.

आंब्याचा रस आम्लधर्मी असल्यामुळे डबाबंद करताना त्याला उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. उच्च दाबाचे पात्र लागत नाही. यांत्रिकाचे काम येथपर्यंत सुकर आहे. परंतु ताज्या फळाला भाव आहे तोवर बागायतदार चांगले फळ कारखान्याकडे वळवीत नाही. मे महिन्यात बाजार उतरला, पावसाची चाहूल लागली, की फळांची एकदम गर्दी उसळते. पिकलेला आंबा कोणासाठी थांबत नाही. त्या गर्दीला पुरेल एवढे यंत्र घ्यावे, तर ते दहा महिने निजून राहते. व्याज व घसारा मात्र जागेच असतात. लहान घ्यावे, तर फळ नासते आणि बागायतदार पुढील वर्षी दुसऱ्या दारी जातो. फणस, कोकम, काजूबोंडे यांवर यंत्र चालवावे, हा उपदेश वारंवार ऐकू येतो. पण ही फळेही बहुतांशी उन्हाळ्यातच येतात! त्यापेक्षा गर काढण्याची यंत्रे तेवढी हंगामाच्या मापाने घेऊन, गर निर्जंतुक पिंपांत साठवून, पुढील पदार्थ लहान यंत्रांवर वर्षभर करणे अधिक सयुक्तिक. मात्र त्यात भांडवल पिंपांत अडकते. हा निर्णय यंत्राचा की पैशाचा?

प्रचलित अध्यापनाचा दोष येथेच आहे. यंत्ररचनेच्या गणितात मागणी ‘दिलेली’ असते, व्यवस्थापनाच्या गणितात यंत्राची क्षमता ‘दिलेली’ असते. जे ठरवावयाचे तेच दोन्हीकडे गृहीत धरले जाते. दोन विभागांचे अध्यापक एकाच प्रकल्पाचे एकच उत्तर एकत्र बसून तपासू लागतील, तेव्हाच विद्यार्थ्याला क्षमतेचा आकडा स्वतः ठरवावा लागेल आणि त्याचे समर्थन दोघांपुढेही करावे लागेल.