अद्भुताचा संसार

काशीदला येणारे बहुतेक जण दोन खडकाळ टोकांमधली तीनेक किलोमीटरची पांढरी वाळू बघतात, सुरूच्या सावलीत शहाळं पितात आणि उन्हं कलली की परततात. अद्भुतकथा लिहिणाऱ्याने मात्र इथे थोडं जास्त थांबावं. गावाच्या मागे फणसाडचं रान आहे. जंजिऱ्याच्या नवाबांनी शिकारीसाठी राखलेलं हे रान १९८६ साली अभयारण्य झालं, आणि आज तिथे शेकरू झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर झेपावतं. उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर कोर्लई आहे. पोर्तुगीज हा किल्ला सोडून गेले १७४० मध्ये, पण तिथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून जन्मलेली एक बोली अजून बोलतात. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. शब्द पुष्कळसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर मुरूड आणि त्यापुढे राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा. त्याच्या दरवाजावर वाघासारखा एक प्राणी कोरला आहे. त्याने पंजांखाली हत्ती दाबून धरलेत आणि एकाला शेपटीचा विळखा घातलाय.

टॉल्किनसारख्या लेखकांना भाषा, रान आणि विचित्र पशू स्वतः घडवावे लागले. इथे हे सगळं एका दिवसाच्या एसटी प्रवासात भेटतं. मग मराठीत अद्भुतकथा, विशेषतः मोठ्यांसाठी लिहिलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली लांब पल्ल्याची अद्भुत कादंबरी, इतकी विरळ का?

कल्पनाशक्ती कमी पडते, हे उत्तर मला पटत नाही. आपली अडचण दीडशे वर्षं जुनी आहे आणि ती एका प्रस्तावनेत सापडते.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली. त्याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या. ते काम पुढे त्यांच्या मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ लिहिली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात मन गुंतवील असं काही घडत नाही, त्यामुळे मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावं लागतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

या एका विधानात दोन चुका आहेत. पहिली, रोजचं आयुष्य नीरस असतं ही. ती हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहून कायमची दुरुस्त केली. माजघरात, परसात, एका मुलीच्या केशवपनाच्या धास्तीत केवढी कादंबरी दडलेली असते हे त्यांनी दाखवलं. दुसरी चूक, अद्भुताला रोजच्या आयुष्याची गरज नसते ही. ती आपण अजून दुरुस्त केलेली नाही.

इंग्रजीत कल्पित जग उभं करण्याला ‘वर्ल्ड-बिल्डिंग’ म्हणतात, म्हणजे जगाचं बांधकाम. आपल्याकडे याहून चांगला शब्द आधीपासून आहे: संसार मांडणं. संसार म्हणजे विश्व, आणि संसार म्हणजे चूल, हंडा, पाटा-वरवंटा, उधारी, सासर-माहेर. एकाच शब्दात दोन्ही अर्थ राहतात. अद्भुतकथेचं सगळं मर्म मला त्या जोडीत दिसतं. ज्या जगात मीठ कुठून येतं हे लेखकाला ठाऊक नाही, त्या जगातल्या जादूवर वाचक विश्वास ठेवत नाही.

असा संसार मांडण्याऐवजी आपण अद्भुताला दुसऱ्या कुणाचा तरी पाहुणा म्हणून घरात घेत आलो.

पहिली ओळख बालसाहित्याची. तिथे फार मोलाचं काम झालं. १९५२ पासून मराठीत निघालेल्या ‘चांदोबा’ने विक्रम-वेताळाला घरोघर नेलं. विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ लिहून मुलांना एक अख्खा देश दिला. रत्नाकर मतकरींच्या ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ने राक्षस-चेटकिणींना रंगमंचावर जिवंत केलं. पण त्यामुळे अद्भुत म्हणजे लहानपणी वाचायचं आणि मोठेपणी सोडायचं, असा समजही पक्का झाला.

दुसरी ओळख भयाची. नारायण धारपांनी हे दालन जवळजवळ एकट्याने उभं केलं. त्यांच्या ‘लुचाई’चा सांगाडा स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा आहे, तरी ती इथली वाटते ती इथल्या घरांमुळे आणि इथल्या माणसांच्या बोलण्यामुळे. मतकरींच्या गूढकथांचं बळही मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत आहे. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांनी ‘अंधारवारी’तून हीच वाट पुढे नेली. पण भयकथेची एक मर्यादा असते. तिच्यात अद्भुत बाहेरून घुसतं, घर हादरवतं आणि निघून जातं किंवा सगळं गिळून टाकतं. ते आपल्यात राहत नाही.

तिसरी ओळख रूपकाची, आणि इथे मराठीचं शिखर आहे. जी. ए. कुलकर्णींच्या ‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांनी कल्पित प्रदेशाला जे गांभीर्य दिलं, ते भारतीय भाषांत क्वचितच कुणी दिलं असेल. त्यांच्या गद्याचा ऋणी नसलेला अद्भुतकथाकार मराठीत नसावा. तरीही त्यांच्या प्रदेशात आपण राहायला जाऊ शकत नाही. तिथे माणसं नियतीसमोर उभी असतात; शेजाऱ्याच्या कुंपणावरून भांडायला त्यांना सवड नसते. जीएंना ते हवंही नव्हतं. चूक त्यांच्यानंतरच्यांची, ज्यांनी तो उदास सूर उचलला आणि गंभीर अद्भुत म्हणजे रूपकच, असं धरून चालले. मग प्रत्येक राक्षसाला विचारलं जाऊ लागलं, की बाबा, तू कशाचं प्रतीक आहेस?

चौथी ओळख विज्ञानाची. १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. विज्ञानकथेला पाठबळ देणारी संस्था होती, दरवर्षीची स्पर्धा होती, चर्चा होती, नाव होतं. अद्भुतकथेला धड नावसुद्धा नाही. कुणी अद्भुतरम्य म्हणतं, कुणी अद्भुतिका, बहुतेक जण सरळ फँटसी.

याला व्यवहाराची बाजूही आहे. आपल्या कथेचं मोठं घर म्हणजे दिवाळी अंक. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने आणि पुढे ‘धनंजय’ने गूढ-अद्भुताला सातत्याने जागा दिली, हे उपकारच. पण अंकाच्या कथेला ठरावीक पानं मिळतात. तेवढ्यात एक धक्का बसवता येतो, एक भूत उभं करता येतं. एक राज्य, त्याचा कर, त्याची चार गावं आणि त्यांतलं वैर बसत नाही. आपली अद्भुतकथा भयाकडे झुकली याचं एक कारण मला ही पानांची संख्या वाटते.

आता लिहिणाऱ्याच्या टेबलाकडे येऊ. संसार मांडायचा म्हणजे काय करायचं?

आधी नियम. जादूला नियम हवेत हे पाश्चात्त्य लेखक हल्ली आग्रहाने सांगतात. कोकणाला ते कधीच ठाऊक होतं. १९१५ मध्ये आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याचा मजकूर जमवला होता ए. एम. टी. जॅक्सन यांनी. हे तेच जॅक्सन, ज्यांच्यावर १९०९ मध्ये नाशकात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. माहिती पुरवली होती गावोगावच्या शाळामास्तरांनी. त्या भुतांची यादी वाचताना थक्क व्हायला होतं, कारण प्रत्येकाला पत्ता आहे आणि कारण आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला, तो मुंजा; त्याचं घर पिंपळ. बाळंतपणात गेली ती हडळ. बुडून गेला तो गिऱ्हा. तो पाण्याच्या आसपासच भुलवतो. हे नियम हवेतून आलेले नाहीत. एखाद्या समाजात कुणाचं काय अर्धवट राहतं, याची ती नोंद आहे. बाळंतिणी वाचत नव्हत्या म्हणून हडळ होती. नियम असा दुःखातून उगवला की तो वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

मग काळ आणि अंतर. डायना विन जोन्स यांनी १९९६ मध्ये ठरीव अद्भुत देशांचं एक काल्पनिक प्रवासमार्गदर्शक लिहिलं. त्यात घोडे न थकता धावतात आणि प्रवासी जिथेतिथे एकच रस्सा जेवतात. पडद्यावर असे देश बघून वाढलेले आपले नवे लेखकही सराई, घोडा आणि तोच रस्सा मराठीत आणतात. त्यांनी हिवाळ्यात इथे, रायगड जिल्ह्यात यावं. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरून, भोवती जाळ करून शिजणारी पोपटी खावी. रात्री शेतात त्या जाळाभोवती बसलेली माणसं म्हणजे प्रवासी टोळीचं तयार प्रकरण आहे. समुद्राचं वेळापत्रकही शिकावं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग. जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्याला इथे मतलई म्हणतात. लाय पाटलाची कथा या किनाऱ्यावर आजही सांगतात. या कोळ्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत यांची फौज वेळेत पोचली नाही, आणि फटफटू लागल्यावर त्या काढून घ्याव्या लागल्या. त्या कथेतला सगळा ताण उजाडण्याच्या वेळेवर उभा आहे. तिला जादूची गरजच पडली नाही.

आणि भाषा. १९७३ मध्ये अर्सुला ले ग्विन यांनी एका निबंधात मांडलं, की अद्भुतकथेत शैली हीच सृष्टी असते. मराठीत हा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण आपण तोंड उघडताच नातं ठरतं. आपण विठ्ठलाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो, आणि कचेरीतल्या कारकुनाला तुम्ही. मग गावाबाहेरच्या मांत्रिकाला काय म्हणायचं? राक्षसाने नाखव्याच्या मुलीला ‘अगं’ म्हटलं तर एक गोष्ट होते, ‘बाय’ म्हटलं तर दुसरी, ‘आपण’ म्हटलं तर तिसरीच. बरेच लेखक ऐतिहासिक कादंबरीची संस्कृतप्रचुर दरबारी भाषा उचलतात आणि सगळ्यांच्या तोंडी ती घालतात. तिथे जग मरतं. कोर्लईची बोली काय शिकवते? भाषा सैनिक, शेत, देऊळ आणि एकटेपणा यांतून घडते, शब्दकोशातून नाही.

नावांचंही तसंच. गावाचं नाव रचलं की मागोमाग ‘कर’ लावून आडनाव तयार होतं, ही मराठीची केवढी सोय! पण आडनावाबरोबर जात येते. कल्पित देश रचतानाही आपण नकळत राजा, पुरोहित आणि सेवक यांची जुनीच उतरंड आत आणतो. नायक दर वेळी राजपुत्रच का? पाथरवट, सुईण, तांडेल का नाही? जग नव्याने मांडायची मोकळीक असताना जुनं अन्यायाचं घर जसंच्या तसं उभं करणं, ही मला या लेखनातली सर्वांत मोठी हुकलेली संधी वाटते.

अनुवादांनी थोडी वाट मोकळी केली आहे. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाच्या मराठी नावात ‘परीस’ आला, तेव्हा एक परका दगड क्षणात आपला झाला. मुग्धा कर्णिक यांनी टॉल्किनची महाकादंबरी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून आणली. इतका मोठा पल्ला मराठी वाक्याला झेपतो, याचा हा पुरावा आहे. आणि २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट आला. प्रेरणा धारपांच्या कथेची, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतल्या गावाचं, भाषा हिंदी. त्यात हस्तर या शापित देवापेक्षा लक्षात राहते ती त्याला भुलवायला मळलेली कणकेची बाहुली. स्वयंपाकघरातलं पीठ देवाच्या गर्भागारात पोचतं आणि आपण त्या देवावर विश्वास ठेवतो. हा संसार मराठी घरातला होता. मराठी कादंबरीने तो आधी मांडायला हवा होता.

काशीदहून उत्तरेला, कुंडलिकेच्या पलीकडे रेवदंडा आणि चौल. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच चौल बंदरात उतरला. पुढे आळंदच्या बाजाराचं वर्णन करताना त्याने एका पक्ष्याची हकीकत लिहिली. तो ज्या घरावर बसतो तिथे माणूस मरतं, आणि मारायला गेलं तर त्याच्या चोचीतून आग निघते. ज्या वहीत घोड्यावर झालेला खर्च लिहिला, त्याच वहीत हा पक्षी. दोन्ही नोंदी एकाच हाताच्या, एकाच सुरातल्या, म्हणून पाचशे वर्षांनंतरही तो पक्षी खरा वाटतो.

जंजिऱ्याच्या दरवाजावरचा तो प्राणी कोरणाऱ्या पाथरवटाचं नाव कुणाला ठाऊक नाही. असा पशू त्याने कधी पाहिलेला नव्हता. तरी कुठला हत्ती कुठल्या पंजाखाली जाईल आणि शेपटीचा विळखा कुठून वळेल, याचा हिशेब त्याला आधी करावा लागला असणार. दगडात मागाहून खोडता येत नाही. मराठी अद्भुतकथेला आज तेवढाच हिशेब हवा आहे. पशू तर दरवाजावर येऊन बसलेलाच आहे.