सोलापूरची पाहणी आणि कुटुंबातील निर्णय

प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यामागील पाहणी मात्र पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३८ साली केली होती. या विलंबामुळे ग्रंथास इतिहासाचे रूप आले, पण त्याचे महत्त्व उणावले नाही. मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२५ साली सोलापुरात केलेली कौटुंबिक जमाखर्चाची चौकशी गिरणी-कामगारांपुरती होती. गाडगीळांनी एक धंदा न घेता सबंध शहर घेतले, आणि त्यामुळेच गिरणीच्या भोंग्यापलीकडचे सोलापूर अर्थशास्त्राच्या कक्षेत आले.

तथापि अशा पाहणीचे एकक कुटुंब हे होय, आणि नेमकी येथेच पद्धतीची मर्यादा प्रत्ययास येते. मागावर बसणारा पुरुष विणकर म्हणून नोंदला जातो; त्याच्यासाठी कांड्या भरणारी पत्नी व हाताखालची मुले यांचे श्रम त्याच्याच मजुरीत विरून जातात. विडीचे तसे नाही. पाने व तंबाखू घरी आणून, चूल-मूल सांभाळून विड्या वळणाऱ्या स्त्रीला दर हजारी स्वतःची मजुरी मिळते. दोन्ही कामे घरगुतीच. पण एकात स्त्रीच्या नावे पैसा येतो, दुसऱ्यात येत नाही. कुटुंबाच्या एकूण उत्पन्नाचा आकडा हा भेद पुसून टाकतो. स्त्री-श्रमाकडे गाडगीळांचे लक्ष नव्हते असे मात्र नाही. त्या विषयावरील त्यांची व्याख्यानेही १९६५ मध्येच छापली गेली.

त्याच वर्षी गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने वेळेच्या वाटपाचा सिद्धांत मांडताना कुटुंबास लहानसा कारखाना म्हटले. सोलापूरच्या हातमागवाल्यांच्या घरी ही उपमा नव्हती, वस्तुस्थिती होती! परंतु बेकरच्या कारखान्यात मतभेदास जागा नाही. घर एकाच मनाने चालते असे तेथे गृहीत धरलेले आहे. सहकार्य व संघर्ष एकाच घरात नांदतात, हे पुढे अमर्त्य सेन यांनी मांडले.

२००६ साली सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी-कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थेच्या दहा हजार घरांचे उद्घाटन झाले. किमतीचा एक हिस्सा केंद्राने, एक राज्याने व एक कामगार स्त्रीने उचलला. तो हिस्सा बचतीतून आला की कर्जातून, पतीची संमती आधी मिळाली की मागाहून, घर झाल्यावर मजुरीचा विनियोग कोण ठरवू लागले, हे जाणावयाचे तर कुटुंबप्रमुखास विचारून भरलेला तक्ता पुरणार नाही. घरातील प्रत्येक मिळवत्या व्यक्तीकडे स्वतंत्रपणे जावे लागेल.